त्याच मेहुण्याचं लग्न

सॅमसन, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

एवढं एक वाक्य मी तुला तेरा वर्षं सांगणार होतो. स्टोअरच्या काउंटरपाशी सांगणार होतो, शुक्रवारी मॅच संपल्यावर बुटांतली वाळू झाडताना सांगणार होतो. दोन वर्षांपूर्वी तू कायमचा ठाण्याला निघालास, तेव्हा एअरपोर्टवर तर अगदी तोंडावर आलं होतं. दर वेळी तू काहीतरी चेष्टा केलीस आणि ते राहून गेलं. आता तुला जाऊन दहा दिवस झाले आणि मी इथे अबूधाबीत जेवणाच्या टेबलाशी बसून सांगतोय. निदान आज तरी मध्ये बोलणार नाहीस.

तू मुसफ्फातल्या आपल्या फॅब्रिकेशन यार्डात स्टोअरकीपर म्हणून आलास, तेव्हा तुझी फाईल माझ्याकडे आली. सॅमसन एलायजा नांदगावकर. धर्माच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’. तू लिहिलंस की अॅडमिननं अंदाजानं भरलं, मी विचारलं नाही. मी अलिबागच्या पुढच्या गावात वाढलेला माणूस. आमच्या शेजारच्या आळीत तुझीच माणसं राहायची. घरी तेलाचा घाणा, शनिवारी काम बंद, मराठी आमच्याहून खणखणीत, आणि नावं मोझेस, अब्राहम, सॅमसन. बेने इस्रायल. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. नांदगावकर आडनावाचा सॅमसन ज्यू असणार, हे कळायला मला फाईलचं दुसरं पान उलटावं लागलं नाही. तू ते बोलत का नाहीस, हेही कळलं. तेव्हा इथून इस्रायलला साधा फोन लागत नव्हता, आणि पासपोर्टवर तिथला शिक्का असला तर इथे उतरता येत नव्हतं. यार्डातल्या कुणी तुला काही केलं असतं असं मला वाटत नाही. पण वर कळलं असतं तर व्हिसाचं काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि ठाण्यात रूथवहिनी आणि दोन मुली तुझ्या पगारावर होत्या. म्हणून मी ठरवलं, आपण काही ओळखलंच नाही. सुधालासुद्धा बोललो नाही, आणि बायकोपासून काही लपवणं मला किती जमतं हे तुला माहीत आहे.

नुसतं गप्प बसून मात्र भागणार नव्हतं. आपल्याकडे केरळचे ख्रिश्चन भरपूर, आणि त्यांना तुझ्यात फार रस. पहिल्याच महिन्यात कुणीतरी विचारलं, ‘सॅमसन, विच चर्च?’ तू चहाचा कप तोंडाला लावलास आणि तो कप काही खाली येईना. शेवटी मीच म्हणालो, ‘अरे, उनका मराठी चर्च अलग होता है. छोडो.’ मराठी चर्च अलग म्हणजे काय, हे मलाही ठाऊक नव्हतं, पण मी प्रॉडक्शन मॅनेजर असल्यामुळे पुढे कुणी खोलात गेलं नाही. त्या डिसेंबरात मी सुधाला केक करायला लावला आणि पंचवीस तारखेला, दहाच्या चहाला, अख्ख्या यार्डासमोर ओरडलो, ‘मेरी ख्रिसमस, सॅमसन!’ तू दचकलास. मग दोन्ही हातांनी केक घेतलास.

पुढे हे दर वर्षी. सुधाचा तो बिनअंड्याचा केक अंमळ घट्टच व्हायचा. तू शेवटच्या चुऱ्यापर्यंत खायचास आणि वर तिला फोन करून सांगायचास, ‘वहिनी, चर्चमध्ये सगळे विचारत होते, कुठल्या बेकरीचा.’ ती खूश. आमचा निखिल तेव्हा सात-आठ वर्षांचा. तो विचारायचा, ‘बाबा, व्हाय डझंट सॅमसन अंकल हॅव अ ट्री?’ यार्डातले शंभर लोक गप्प करणं सोपं होतं, हा एक पोरगा ऐकत नव्हता.

आणि तुझं ते पोट! दसऱ्याच्या आगेमागे दर वर्षी नेमानं एक दिवस बिघडायचं. ‘साहेब, पोट एकदम डाऊन आहे, उद्या येत नाही.’ मग दिवसभर दार लावून खोलीत, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आमच्या गावी तुमच्या आळीत त्याला दारफाळणीचा सण म्हणत. सगळी माणसं पांढरे कपडे घालून, कडक उपास धरून, दारं बंद करून घरात. आई आम्हाला सांगायची, आज तिकडे हाका मारायला जाऊ नका. मी तुझ्या रजेवर सही करायचो आणि शेरा मारायचो, ‘पोटाचा जुना विकार’. एका वर्षी सुधा नेमकी त्याच दिवशी श्रीखंडाचा डबा घेऊन तुझ्या खोलीवर निघाली. मी तिला लिफ्टपाशी गाठून परत आणली. ‘अहो, आजारी माणसाची विचारपूस नको करायला?’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी तू येऊन तो डबा एकट्यानं रिकामा केलास. सुधा आजही म्हणते, असलं पोट बिघडायला हवं.

पण आपलं खरं जमलं ते फुटबॉलमुळे. यार्डामागची वाळू, शुक्रवारी सकाळी सहा, दोन ड्रम इकडे आणि दोन तिकडे. तू गोलमध्ये, मी तुझ्या पुढ्यात उजवीकडे बॅक, आणि सगळ्यांच्या पुढे बशीर, आपला मलबारी ट्रेलर ड्रायव्हर, ज्याच्याकडे गेलेला बॉल परत कुणाला दिसत नसे. ऑफिसात तू मला साहेब आणि तुम्ही म्हणायचास. मैदानातही तेच, फक्त आवाज वेगळा. ‘साहेब, पुढे कुठे चाललात! मागे या, साहेब! डोळे आहेत का तुम्हाला!’ इतक्या आदरानं मला आजवर कुणी झापलेलं नाही. चाळिशीला आलेला, पोट सुटलेला माणूस तू, पण बॉल येताना दिसला की काय झेपावायचास! मग वाळू झटकत उठून स्वतःच म्हणायचास, ‘वा सॅमसन, वा!’ तुझ्या तोंडचं ते आपल्याकडचं मराठी ऐकून मला घरी गेल्यासारखं वाटायचं. हेही कधी बोललो नाही.

तू आलास त्याला तीनेक वर्षं झाली होती. जूनमध्ये तू रजेचा फॉर्म घेऊन केबिनमध्ये आलास. जुलैचे तीन आठवडे. कारण, मेहुण्याचं लग्न. जुलैअखेर आपल्या सहा मोठ्या टाक्या जहाजावर चढायच्या होत्या. मी म्हटलं, जमणार नाही.

‘साहेब, फार जवळचा मेहुणा आहे.’

‘शिपमेंटच्या आधी नाही, सॅमसन. ऑगस्टमध्ये जा.’

‘ठीक आहे साहेब. खलास,’ म्हणालास, आणि फॉर्मची घडी करून खिशात घातलीस. त्या शुक्रवारी तू सहा गोल खाल्लेस. बशीर माझ्यापाशी येऊन म्हणाला, ‘साब, सॅमसनभाई बॉल को देखता ही नहीं. क्या हुआ?’ मी म्हटलं, गर्मी आहे.

ऑगस्टमध्ये तू गेला नाहीस. गेलो मी, आणि जाताना तू रूथवहिनीसाठी पार्सल दिलंस. तुमच्या ठाण्याच्या घरी खुर्चीच्या पाठीवर एक निळी जर्सी घालून ठेवली होती. छातीवर ‘इंडिया’, पाठीवर एक नंबर. मी सहज विचारलं, कुणाची? आणि वहिनी अगदी सहज म्हणाली, ‘ह्यांची. निवड झाली होती ना या वेळी.’ मग सगळं सांगितलंन. दर चार वर्षांनी जगभरचे ज्यू खेळाडू इस्रायलमध्ये जमतात, ऑलिम्पिकसारखा थाट असतो, पोहणं, पळणं सगळं. त्यात फुटबॉलच्या स्पर्धा, अगदी पस्तिशीच्या पुढच्यांचीसुद्धा एक. मुंबई-ठाण्याची मंडळी मिळून टीम गेली होती. तिथे सांगितलं तर शिक्का सुट्या कागदावर मारून देतात, म्हणजे पासपोर्ट कोरा राहतो, याचीही चौकशी तू करून ठेवली होतीस. टीम गेली, तुझ्यावाचून. आयत्या वेळी गोलमध्ये एका शिंप्याला उभं केलं, आणि त्यानं एका मॅचमध्ये अकरा खाल्ले. वहिनी हसून सांगत होती आणि मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

निघताना ती म्हणाली, ‘साहेब, तुम्ही ह्यांना फार सांभाळता.’ मला वाटलं, पार्सल आणलं म्हणून. मी म्हटलं, ‘वहिनी, मला हे कळलंय असं त्याला सांगू नका. त्यानं आपणहून सांगितलेलं नाही, उगाच अवघडेल.’ ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग मान डोलावलीन.

त्यानंतर चार वर्षं मी एका जुलैची वाट पाहिली. मनाशी पक्कं केलं होतं की या खेपेला सगळं यार्ड बुडालं तरी हा माणूस जाणार. तर तू अर्जच करेनास! एप्रिल गेला, मे गेला. शेवटी मीच तुला बोलावून घेतलं.

‘सॅमसन, या जुलैत रजा घे.’

‘कशाला साहेब? शिपमेंट आहे.’

‘शिपमेंट मी बघतो. घरी कुणाचं लग्नबिग्न नाही का?’

‘नाही साहेब.’

‘मेहुण्याचं?’

तू माझ्याकडे असं पाहिलंस की मीच कागद चाळायला लागलो. ‘विचारून बघतो,’ म्हणालास. दोन दिवसांनी फॉर्म आला. कारण, मेहुण्याचं लग्न. तू खुर्चीत टेकायच्या आत माझी सही झाली होती.

मग तुला तयार करायचं, तेही तुला न सांगता. हिवाळ्यात कंपन्यांची टूर्नामेंट आहे, अशी थाप मारून मी तुला जूनमध्ये पहाटे साडेपाचला वाळूत पळवला. खलिफा सिटीतले व्हिला तेव्हा नुकते उठत होते. तिथले मजूर बसमधून जाताना आपल्याकडे बघून हसायचे. बशीर तुला पन्नास-पन्नास पेनल्टी मारायचा आणि मला म्हणायचा, ‘साब, टूर्नामेंट जनवरी में है, ये आदमी जून में मर जाएगा.’ मी तुला खरे गोलकीपरचे ग्लोव्हज आणून दिले. तू आधी किमतीचं लेबल शोधलंस. ‘एकशेवीस दिरहॅम! म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये, साहेब! एवढ्यात आमच्या अख्ख्या टीमची जर्सी होईल.’ कुठली टीम, हे मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी परत आलास तो काळाठिक्कर, नाकाची सालं निघालेली, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना प्लॅस्टर.

‘हे काय रे?’

‘लग्नात नाचताना पडलो, साहेब.’

‘त्याच मेहुण्याच्या?’

‘त्याच.’

‘चार वर्षांपूर्वी होणार होतं ना त्याचं?’

‘मोडलं होतं साहेब. पुन्हा जमवलं.’

मी ड्रॉवरमध्ये पेन शोधायला लागलो, जे माझ्या हातातच होतं. तू खिडकीतून क्रेनकडे बघत राहिलास. कुणीही तोंड उघडलं असतं तर संपलंच होतं.

शुक्रवारी मात्र तुला राहवेना. टीमला गोल बसवून सांगितलंस, लग्नाच्या गडबडीत ठाण्यात एक वेटरन्स टूर्नामेंट खेळून आलो. पहिली मॅच सात-शून्य हरले, दुसरी पाच-शून्य. ‘पण काय क्लास, साहेब! सेंटर फॉरवर्ड साडेसहा फूट, आणि चुकला की स्पॅनिशमध्ये शिव्या!’

‘थाने में स्पॅनिश?’ बशीर म्हणाला.

‘बाहर से आया था,’ तू म्हणालास, आणि पुढे गेलास. तिसरी मॅच एक-एक. शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी. इथे तू उठलास, दोन ड्रमांच्या मधे उभा राहिलास, बशीरला समोर बॉल ठेवायला लावलास आणि प्लॅस्टरसकट डावीकडे अंग टाकून दाखवलंस. ‘असा! डाव्या हाताने! बोटांच्या टोकांनी!’ इतके गोल खाऊन आलेला माणूस जग जिंकल्यासारखा वाळूत पालथा पडून हसत होता. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, बशीरनं तुला खांद्यावर घेतलं, आणि मी सगळ्यांत जास्त ओरडलो. सॅमसन, मी पाहिलेली तुझी सगळ्यांत चांगली मॅच ही, आणि ती मी पाहिलेली नाही.

आता आपला वाद. डाव्या हातानं बॉल अडवलास, तर उजव्या हाताची बोटं कशी मोडली? उजवा ग्लोव्ह डॉक्टरानं कात्रीनं कापलेला होता, तुझ्या बॅगेत मी स्वतः पाहिला. पहिल्यांदा तू म्हणालास, ते नाचताना. मग म्हणालास, पडताना उजवा हात खांबाला लागला. पुढच्या वर्षी बॉल एकदा डाव्या हाताला लागून उजव्या हाताकडे आलेला होता. मी फार ताणलं की तुझं ठरलेलं होतं, ‘साहेब, तुम्ही होतात का तिथे?’ ‘ठाण्यात? नव्हतो.’ ‘मग झालं.’

त्याच शुक्रवारी तू स्टीलचा मोठा डबा उघडलास. गूळ-खोबरं कालवलेले पोहे, वर बदाम, वेलची आणि फळांच्या फोडी. ‘बायकोचा नवस होता,’ एवढंच म्हणालास आणि मुठीमुठीनं सगळ्यांना वाटलेस. बशीरनं ‘माशाल्ला’ म्हणत दोनदा हात पुढे केला. तो मलिदा होता. आमच्या गावी तुमच्या आळीत एलियाहू हन्नबी या तुमच्या प्रेषिताच्या नावानं व्हायचा. कुणी दूर देशाहून सुखरूप परतलं, कुणाचं पोर दुखण्यातून उठलं, की मलिदा, आणि आम्ही पोरं त्यांच्या ओटीवर हात पसरून उभी. तीस वर्षांनी ती चव जिभेवर आली आणि माझे डोळे भरले. ‘काय झालं साहेब?’ तू विचारलंस. मी म्हटलं, वेलची जास्त पडलीये.

गेल्या आठवड्यात मी तीन दिवसांची रजा टाकून ठाण्याला जाऊन आलो. तुमच्याकडे दुखवट्याला सात दिवस बसतात ते चालू होतं, आरशावर चादर घातली होती. तुझ्या टीममधला एक म्हातारा फुलबॅक कोपऱ्यात बसला होता. त्याला विचारलं असतं तर डावा की उजवा, एका मिनिटात निकाल लागला असता. विचारलं नाही. हा वाद मला हवा आहे.

वहिनीपाशी मात्र मी म्हणालो, की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि सॅमसनला ते कधी कळलं नाही. तर ती त्या घरात, त्या दिवसांत, हसली. ‘साहेब, ह्यांना पहिल्या केकलाच कळलं होतं. मला म्हणाले, खऱ्या ख्रिश्चनाला कुणी इतक्या मोठ्यानं मेरी ख्रिसमस म्हणत नाही.’ मग मीही हसलो. तेरा वर्षं मी तुला झाकतोय असं मला वाटत होतं आणि तू माझं नाटक सांभाळत होतास. लबाडा, तो दगडासारखा केक इतकी वर्षं नुसता माझ्यासाठी खाल्लास!

मग वहिनी पुढे म्हणाली, ‘पहिल्या वेळी तुम्ही रजा दिली नाहीत ना, तेव्हासुद्धा फोनवर म्हणाले, साहेबांना सगळं ठाऊक आहे. तिकडे जाऊन आलो आणि कुठे सापडलो तर नोकरी जाईल, म्हणून मुद्दाम अडवलं. बोलून दाखवत नाहीत एवढंच. आणि चार वर्षांनी धोका कमी वाटला, तर स्वतः बोलावून पाठवलं. असा माणूस मिळत नाही, म्हणायचे.’

मी चहा प्यायलो, वहिनीच्या पाया पडलो आणि परत आलो. तिला खरं सांगायचा धीर झाला नाही, म्हणून तुला सांगतोय.

सॅमसन, मला त्या स्पर्धेचं काहीच माहीत नव्हतं. तू ज्यू आहेस हे ठाऊक होतं, तू गोलकीपर आहेस हे ठाऊक होतं, पण या दोन्हींचं मिळून तुझं काही स्वप्न असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी तुला वाचवत नव्हतो. सहा टाक्या होत्या, स्टोअरला बदली माणूस नव्हता आणि मला क्लायंटची बोलणी खायची नव्हती. इतकी वर्षं तू माझा जो उपकार मानलास, तो मी केलाच नव्हता. माझं चुकलं. तू समोर उभा राहून म्हणत होतास, फार जवळचा मेहुणा आहे, आणि नाही म्हणताना मी मान वर करून तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.